विमानाची साल

आक्काचा फोन सकाळी साडेसहाला आला की दोनच शक्यता असतात. एक तर भावकीतलं कुणीतरी गेलेलं असतं, नाही तर दाजींनी काहीतरी काढलेलं असतं. त्या दिवशी भावकी सुखरूप होती.

"तुझे दाजी रंग खरवडायला बसलेत," आक्का म्हणाली.

"कशाचा?"

"विमानाचा."

"अगं, पण तो दिवाळीत तर लावलाय!"

"तूच लावून आणलायस ना? आता तूच काढून द्यायचा, म्हणतायत."

'विमान' या शब्दाचा खुलासा आधी केलेला बरा. साताऱ्यात आक्काच्या घरामागं पत्र्याची एक शेड आहे. पूर्वी तिथं म्हैस असायची. आता तिथं अमेरिकेहून मागवलेल्या ड्रॉइंगची एक जाड गुंडाळी, एका पंखाचा लाकडी सांगाडा आणि पोलादाचे चौदा भाग आहेत. ज्यावर इंजिन बसायचं तो पाइपांचा पिंजरा, पायानं दाबायची पेडलं, वैमानिकानं धरायचा दांडा, चाकांचे पाय, शेपटीच्या चाकाची पट्ट्यांची स्प्रिंग आणि बाकी बारीकसारीक ब्रॅकेटं. दोन माणसं बसतील एवढं विमान. आक्काची अट एकच होती, त्यातलं दुसरं माणूस ती नसेल.

दाजी साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंग विभागात तीस वर्षं होते. गळिताच्या हंगामात मध्यरात्री मिल अडली की लोक आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मग दाजींना उठवायला माणूस पाठवायचे. असा माणूस निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जाऊन, आल्याचा चहा पिऊन गप्प बसेल, अशी अपेक्षा ठेवणं हा आमचाच भाबडेपणा.

त्यांना वेड्यात काढायचीही सोय नाही, कारण उदाहरण तोंडावर तयार असतं. कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते ठेवायचं ठरलं, तेव्हा क्रेन लावून गच्चीवरून खाली उतरवावं लागलं. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उडवून बघायची परवानगी मिळाली, आणि पुढं धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. "गच्चीवरून विमान खाली आणायला एक क्रेन पुरते," दाजी म्हणतात, "फाइल वर न्यायला किती लागतात ते मोजतोय."

सांगलीकर म्हणून मीही गप्प बसत नाही. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली, तीही मोटारसायकलीसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहारांच्या दारात नवी बोलेरो आली. हे मी दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "पाव्हणं, विमानाच्या बदल्यात बोलेरो मिळत असंल तर तुमच्या आक्काला सांगू नका. आजच देऊन मोकळी हुईल."

खरं तर या भागात हातोडी घेतलेल्या माणसाचं तोंड पहिल्यापासून जमिनीकडं. १९०३ हे साल मोठं गमतीचं. सायकलींचं दुकान चालवणाऱ्या दोघा भावांनी अमेरिकेत त्या वर्षी १७ डिसेंबरला विमान उडवलं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. आमच्या गल्लीतलं लग्नाचं वऱ्हाडसुद्धा एका दमात याहून लांब जातं. आणि त्याच वर्षी, १८८८ पासून बेळगावात सायकलींचा धंदा केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमिनीला विष चढेल म्हणून शेतकरी दोन वर्षं त्याला शिवेनात. म्हणजे एकाच साली तिकडच्या सायकलवाल्यांनी वर जायचं ठरवलं आणि आमच्या सायकलवाल्यानं खाली. पुढं १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इकडं सातारा रोडला धनजीशा कूपरांनीही नांगरच केले, आणि १९३७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. "जमिनीच्या दिशेनं आपलं काम शंभर वर्षं चोख झालंय," हे दाजींचं मत. "आता उलट्या दिशेचं बघायला नको?"

तर त्या उलट्या दिशेच्या चौदा भागांना पावडर कोटिंग करून आणायचं काम दिवाळीच्या आधी माझ्याकडं आलं होतं.

सांगलीच्या माणसाला पावडर शिकवायला नको. आमची हळद शिजवून, वाळवून, पिंपात घालून गरागरा फिरवतात, आणि शेवटी वरून हळदीचीच पूड टाकून रंग चढवतात. हळदीला हळदीचंच कोटिंग. या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भडंगाचंही तसंच. कुरमुऱ्यावर तेलाचा हात, वर मसाल्याची पूड, खाली मंद आच. पूड जिथं चिकटायची तिथं चिकटते आणि उरलेली खाल्ल्यावर बोटांवर निघते. नवरदेवाला तर आम्ही एकट्याला मध्ये बसवून चारी बाजूंनी कोटिंग करतो, आणि त्याची पुढची भट्टी आयुष्यभर चालते.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतलं पावडर कोटिंगचं शास्त्र याच घराण्यातलं आहे, फक्त वीज जास्त. आधी माल सात टाक्यांतून काढतात. तेल जातं, गंज जातो, फॉस्फेटचा बारीक थर बसतो, मधेमधे पाण्याच्या आंघोळी. मग माल हुकाला टांगायचा. बंदुकीतून प्लास्टिकच्या जातीची कोरडी पूड उडते, तिच्यावर साठ ते शंभर हजार व्होल्टचा भार. माल अर्थिंगला जोडलेला असतो, म्हणून पूड त्याला अशी बिलगते की मागच्या बाजूलाही वळून जाते. मग भट्टीत एकशेऐंशी ते दोनशे अंश, दहा-पंधरा मिनिटं. पूड वितळते, पसरते आणि घट्ट होते. एकदा झाली की झाली, पुन्हा वितळत नाही. पिठाची भाकरी झाली, भाकरीचं पीठ होत नाही. जाडी साठ ते ऐंशी मायक्रॉन, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाएवढी.

आणि या केसाएवढ्या थरावर आमच्या दोन्ही जिल्ह्यांचा काय जीव! बंगल्याचं फाटक, खिडक्यांची ग्रिलं, जिन्याचं रेलिंग, झोपाळा, बुलेटचं मडगार्ड, कॉलेजातली बाकं. पूर्वी दर दिवाळीला ऑइल पेंटचा डबा आणून घरातला मुलगा कामाला लावत. आता पावडर कोटिंग आलं आणि मुलं पुण्याला गेली. गंज दिसत नाही, वेल्डिंगचे गोळे दिसत नाहीत, कारागिराचा हात कापरा होता की स्थिर तेही दिसत नाही. वेल्डर चुकला तर आमच्याकडं ग्रिल परत करत नाहीत, "कोटिंगमध्ये झाकून जाईल," म्हणतात.

मी भाग घेऊन गेलो तेव्हा दुकानाच्या मालकानं विचारलं, "कलर?"

दाजींनी 'फिका राखाडी' असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

"राखाडीला चार दिवस थांबाय लागंल," मालक म्हणाले. "आज बूथमधी काळा चाललाय. कलर बदलायचा म्हंजे समदा बूथ झाडून काढायचा, बंदूक धुवायची. येवढ्याशा मालाला परवडत न्हाई. काळ्यात घालू का? संध्याकाळी घेऊन जावा."

त्या दिवशी विट्याकडच्या कुठल्याशा बंगल्याच्या फाटकाची ऑर्डर चालली होती. मला संध्याकाळची बस गाठायची होती. अशा रीतीनं दाजींच्या विमानाचा रंग विट्याच्या एका अनोळखी माणसानं ठरवला.

दिसायला मात्र भाग असे झाले की शेजारीपाजारी बघायला आले. तकतकीत काळे, हात फिरवला तर घसरावा असे. आक्कासुद्धा म्हणाली, "हे बरं दिसतंय हो, दिवाणखान्यात ठेवलं तरी चालेल." दाजी रंग बघून दोन दिवस गप्प होते, पण नंतर त्यांनाही आवडायला लागले.

ज्येष्ठात मेजर आले. साताऱ्यात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. मिलिटरी अपशिंगेसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं हुद्दे विचारत बसायला वेळ नसतो. हे मेजर वायुदलात विमानांच्या सांगाड्यांचे फिटर होते, आणि वायुदलात मेजर हा हुद्दाच नसतो. आयुष्यभर दुरुस्त्या करून दमलेल्या त्या गृहस्थांनी ही एक दुरुस्ती सोडून दिलीय.

त्यांनी चष्मा लावला, इंजिनाचा पिंजरा उजेडाकडं धरला, नखानं सांध्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "वेल्ड कुठाय?"

"आत," दाजी म्हणाले.

"आत काय करतंय?"

पुढचा तासभर मेजर बोलत होते. त्याचा सारांश असा. इंजिन चालू झालं की पिंजरा अखंड थरथरतो. तडा जायचा असेल तर तो वेल्डच्या कडेला जातो, आधी केसासारखा. साधा पातळ रंग असला तर पोलादाबरोबर तोही फाटतो, आत पाणी जातं आणि फटीतून तांबूस गंजाची रेघ बाहेर येते. रंग चुगली करतो. विमानाच्या रंगाचं अर्धं काम तेच. पावडरीचा थर जाड आणि चिवट. खाली पोलाद तडकलं तरी हा वरून तसाच तकतकीत. घराण्याची अब्रू राखणाऱ्या थोरल्या चुलत्यासारखा, आत काय चाललंय ते गावाला कळू देत नाही. आणि कुठं टवका उडाला तर पाणी थराखाली शिरून गंज लांबवर सरपटत जातो, तोही झाकलेलाच. त्यात रंग काळा. काळ्यावर काळी फट शोधायची म्हणजे अमावास्येला म्हैस शोधण्यातला प्रकार.

दाजींनी वकिली केली. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये व्हॅन्स म्हणून घरी जोडायच्या विमानांची मोठी कंपनी आहे. तीसुद्धा पोलादाचे कितीतरी भाग पावडर कोटिंग करूनच पाठवते, आणि ती विमानं वर्षानुवर्षं उडतायत.

"उडतायत," मेजर म्हणाले. "कोटिंग करायच्या आधी त्यांनी वेल्ड तपासले. तुम्ही तपासले?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हशीच्या गव्हाणीकडं पाहिलं.

दुसरी अडचण भोकांची. ब्रॅकेटला पाव इंची भोक, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आतून दोन्ही बाजूंनी ऐंशी-ऐंशी मायक्रॉन चढले की बोल्ट दारातच अडतो. भोक बुजवायला रबरी बूच लावायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रिलला भोकं असतात कुठं? बरं, रीमर फिरवून भोक मोकळं केलं, तरी नटाखाली थर राहतोच. बोल्ट आवळला की तो थर दबत जातो, हळूहळू सरकतो, आणि घट्ट वाटणारा बोल्ट महिन्याभरानं सैल. आणि अर्थिंगची तार जोडायची तर पावडर वीज जाऊ देत नाही. जी पूड विजेच्या बळावर येऊन बसली, तीच बसल्यावर वीज अडवते. खुर्चीत बसल्यावर असं होतंच.

आता हा थर काढायचाच असं ठरून ते चौदा भाग पुन्हा पोत्यात बसले आणि सांगलीला निघाले. सातारा ते सांगली एसटीनं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कंडक्टरनं पोत्याला बुटाचं टोक लावून विचारलं, "काय हाय यात?"

मी दमलेलो होतो. खरं सांगून टाकलं, "विमान."

"फुल का हाफ?" कंडक्टर म्हणाले, आणि सामानाचं तिकीट फाडलं. पलीकडच्या सीटवरच्या म्हातारबांनी मान वळवून विचारलं, "कुठल्या गावचं?" पेठ नाक्याच्या पुढं बस अशी काही नाचली, की इंजिनाच्या थरथराटाची चाचणी तिथंच उरकावी असं वाटून गेलं.

आता भाकरीचं पीठ करण्याकडं वळू. चढवलेली पावडर काढण्याचे जेवढे उपाय आहेत तेवढे मी पंधरा दिवसांत ऐकले, आणि त्यातला प्रत्येक उपाय सांगणारा माणूस 'त्यात काय, सोपं आहे' या वाक्यानं सुरुवात करत होता.

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं ग्राइंडर आणला. पिंजऱ्याचा पाइप पाऊण इंची, भिंत ०.९ मिलिमीटर. हे पोलाद क्रोम-मोलिब्डेनमचं, म्हणून एवढ्या पातळ अंगानं एवढा भार घेतं. ग्राइंडरचं चाक क्षणभर जास्त टेकलं तर पावडरीबरोबर ०.२ मिलिमीटर पोलादही जातं, म्हणजे पाचातला एक वाटा. फाटकाला चालतं. फाटक जमिनीवर असतं.

मूळ दुकानाचे मालक मोठ्या मनाचे. म्हणाले, "आमी हुक जाळून साफ करतो बगा. चारशे डिग्रीला टाकलं की कोटिंगची राख. तुमचं बी टाकतो, पैसं नगं." मी तिथूनच दाजींना फोन लावला. फोनमधून जो आवाज आला तो सातारा-सांगली अंतर लक्षात घेता फोनशिवायही ऐकू आला असता. शेपटीची स्प्रिंग तापवून, विझवून, पुन्हा बेतानं तापवून पाणी चढवलेली असते. ती चारशेच्या भट्टीत घातली तर तिचं पाणी उतरू शकतं. मग ती स्प्रिंग राहत नाही, विळ्याची पट्टी होते.

"मग अ‍ॅसिडात बुडवू?"

हेही नाही. कडक पोलाद अ‍ॅसिडात घातलं की हायड्रोजन आत शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस काचेसारखं तुटतं. या धंद्यातल्या सगळ्या वाईट गोष्टींचा गुण एकच, वरून दिसत नाही.

गरम कॉस्टिक सोड्याची टाकी मात्र साध्या पोलादाला त्रास देत नाही. पेडलं त्यात घालायची ठरलं. इथं एक चूक झाली आणि ती सर्वस्वी माझी. पेडलांच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचे दोन बुश होते, दाजींनी स्वतः लेथवर काढलेले. ते मी काढून ठेवायला विसरलो. कॉस्टिक पोलादाला शिवत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम खातं. दोन तासांनी गेलो. पेडलं स्वच्छ. "बुश कुठायत?" मी विचारलं. पोऱ्यानं टाकीकडं बोट केलं. टाकीत बुडबुडे येत होते. दाजींना मी बुश 'हरवले' म्हणून सांगितलं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं ते खोटं नव्हतं.

उरलेल्यांसाठी मेजरांनी रिमूव्हर सांगितला, म्हणून पोतं परत साताऱ्याला आलं. हा लापशीसारखा पदार्थ ब्रशनं थापायचा, वर पॉलिथिन गुंडाळायचं आणि लांब जाऊन बसायचं. त्यात मिथिलीन क्लोराइड असतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या रिमूव्हरमधून ते २०१९ मध्ये हद्दपार झालं, कारण बंद खोलीत त्याची वाफ घेऊन माणसं मेलीत. ते अंगात गेलं की शरीर त्याचा कार्बन मोनॉक्साइड करतं, आणि साधे रबरी मोजे ते सहज ओलांडतं. म्हणून आम्ही शेडच्या बाहेर, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून बसलो. दाजींनी कारखान्याच्या काळातला मुखवटा लावला, मेजरांनी त्यांच्या काळातला. मला आक्कानं ओला पंचा दिला. मेजरांनी तो काढून घेतला आणि मला तुळशीपाशी पाठवलं.

पंधरा मिनिटांनी पॉलिथिन काढलं, तर तो तकतकीत काळा थर तेलात सोडलेल्या उडदाच्या पापडासारखा फुलून, सुरकुतून वर आलेला. लाकडी पट्टी फिरवली की सालपटं. गेल्या कित्येक महिन्यांत एवढं समाधान मला मिळालं नव्हतं. उन्हाळ्यात सोललेली पाठ आठवली. तिसऱ्या भागापर्यंत शेजारचे दोन सेवानिवृत्त 'एक आम्हाला सोलू द्या' म्हणून येऊन उभे राहिले.

पण वेल्डच्या बेचक्यात, जिथं चार पाइप एकत्र येतात, तिथं पावडर जास्त जाड बसलेली असते आणि जास्त हट्टी. तिथं दाजींनी ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडून मोडीत काढलेल्या सळया आणल्या. चौसष्ट वर्षांचा माणूस डोळ्याला भिंग लावून विमानाचे दात कोरत बसलाय, हे दृश्य आक्कानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. शेवटी बारीक गार्नेटचा हलका ब्लास्ट, पाइपांची तोंडं बुचं मारून बंद केलेली. साध्या वाळूचा ब्लास्ट करू नका, ती धूळ फुप्फुसात राहते आणि परत निघत नाही.

सगळं सोलून झाल्यावर पोलाद मऊ राखाडी, मॅट, एखाद्या नुकत्याच आंघोळ घातलेल्या पोराच्या डोक्यासारखं दिसत होतं. मेजरांनी पिशवीतून तीन डबे काढले. पहिल्यातला लाल द्रव वेल्डवर फवारला. थोडा वेळ थांबून दुसऱ्या डब्यातल्या द्रवानं सगळा पुसून घेतला, कापड लालचं पांढरं निघेपर्यंत. मग तिसऱ्या डब्यातून पांढरी पावडर फवारली. पुन्हा पावडरच, पण या पावडरीचं काम उलटं. फटीत कुठं लाल उरलं असेल तर ते ती शोषून वर आणते.

आम्ही तिघं वाकून बघत होतो. तेरा भाग पांढरेफेक राहिले. पिंजऱ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, वेल्डच्या कडेला, कुंकवाच्या काडीनं ओढावी तशी एक रेघ हळूहळू उमटली. जेमतेम नखाएवढी.

मेजर काही बोलले नाहीत. मीही. वेल्ड दाजींनी स्वतः मारलेला होता.

दाजी बराच वेळ बघत राहिले. मग उठले, हात धुतले, आत गेले आणि आक्काला म्हणाले, "चहा टाक." तीस वर्षांत त्यांनी चहा मागितल्याचं आक्काला आठवत नाही. तो वेळेवर येत असे. तिनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "पाव्हण्यानं काळा रंग लावला ते बरं झालं." याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. राखाडी असता तर ही रेघ कधी दिसलीच नसती, इतकं मला कळतं. काळा होता म्हणून मेजर चिडले, एवढंच त्यातल्या त्यात.

तो सांधा कापून पुन्हा जोडला, ज्योतीनं हळूहळू तापवून वाऱ्यापासून झाकून गार होऊ दिला, आणि लाल-पांढरी परीक्षा पुन्हा दिली. पास.

आता रंग. आषाढाचा महिना, सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीची चौकशी सुरू झालेली, आणि साताऱ्यात भिंतींना घाम. ब्लास्ट केलेलं उघडं पोलाद अशा हवेत तासाभरात तांबूस पडतं. बोट लावलं तर दुसऱ्या दिवशी तिथं गंजाचा ठसा, पोलिसांनी घेतल्यासारखा. म्हणून दाजींनी शेडमध्ये दोनशे वॅटचे चार बल्ब लावले, भाग ॲसिटोननं पुसले आणि घरातल्या सगळ्यांना हात मागं बांधून उभं केलं. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मिसळला, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ तसाच मुरू दिला, मग स्प्रे. वर फिक्या राखाडीचा पातळ हात. सगळं मिळून पावडरीच्या थरापेक्षा पातळ. दिसायला अगदीच साधं. शेजारी बघायला आले आणि म्हणाले, "आधीचं भारी होतं."

इपॉक्सीची एक अडचण आहे. दोन डबे एकमेकांत मिसळले की काही तासांत वापरून संपवायचे, नाही तर डब्यासकट दगड होतो. लग्नासारखंच, एकदा मिसळल्यावर परत वेगळं ठेवायची सोय नाही. चौदा भागांना लागून लिटरभर उरला. दाजींना वाया घालवणं माहीत नाही. त्या संध्याकाळी विमानाच्या दर्जाचा रंग पुढीलप्रमाणे लागला: तुळशीवृंदावनाची जाळी, पाण्याच्या टाकीचा स्टँड, आक्काची शिलाई मशीन (तिची हरकत असताना), माझ्या छत्रीचा दांडा, आणि पडवीतल्या झोपाळ्याची वरची लोखंडी कडी. कडीवर ऑइल पेंटचे किती थर होते ते दिवाळ्यांवरूनच मोजावं लागलं असतं. दाजींनी सवयीनं तेही आधी सोलून काढले.

यावर तीन महिने गेले. दसऱ्याला साताऱ्याला गेलो, जेवलो आणि सुपारी कातरत नेहमीसारखा झोपाळ्यावर बसायला गेलो. दाजींनी दंडाला धरून थांबवलं आणि वर बोट केलं. फिक्या राखाडी कडीवर, जोडाच्या अगदी कडेला, तांबूस गंजाची एक बारीक रेघ आलेली होती.

कडी बदलली. विमानाचं इंजिन अजून यायचंय.